डोंगरवस्तीला कावीळ का झाली नाही

मठाच्या पायऱ्यांपासून थेट एसटीच्या थांब्यापर्यंत चपलांचा खच पडला होता. बोरदऱ्यात एवढी माणसं मतदानालासुद्धा जमत नाहीत. पाथर्डीकडून जीपगाड्या भरभरून येत होत्या, टपावर बसलेली माणसं उतरायच्या आधीच हात जोडत होती. मठाच्या अंगणातला कडुलिंब तर ओळखू येत नव्हता. फांदीफांदीला वाळक्या मुळ्यांच्या माळा लोंबत होत्या. ही छगनबाबांची काविळीची माळ. घालताना ती गळ्याबरोबर बसते, मग दिवसागणिक वाढत छातीवर येते, आणखी काही दिवसांनी बेंबीपर्यंत. कावीळ पिऊन ती फुगते, असं बाबा सांगतात. माणूस बरा झाला की माळ आणून लिंबाला टांगायची.

"मोजा!" बाबा गादीवरून गरजले. "किती माळा हायेत मोजा! तेवढी माणसं बरी केलीत ह्या हातानं. कुन्या डाक्टरच्या दारात हाय का असलं झाड?"

कोणी मोजल्या नाहीत. सगळ्यांनी नुसतं वर बघून हात जोडले.

"आन् ज्यांचा इस्वास मोडला आसंल त्यांनी डोंगरवस्तीकडं बघा! गावठानात कावीळ, मळ्यात कावीळ. डोंगरवस्तीत हाय का? का न्हाई? दिवाळीला कोयते घिऊन कोन आलं हुतं माझ्याकडं? कोयत्याला धागा, मनगटाला धागा! आडवा आला धागा, मागं फिरली कावीळ!"

"बोला छगनबाबा की..." पुढचा जयजयकार जीपच्या भोंग्यांत मिसळून गेला.

डोंगरवस्ती म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्यांची वस्ती. दिवाळी झाली की घरंच्या घरं कुलूप लावून निघतात, पाडव्यानंतर परततात. निघण्याआधी वस्तीतल्या साऱ्यांनी मठात जाऊन धागा बांधून घ्यायचा, जाणाऱ्यांनीही आणि गुरं राखायला मागं राहणाऱ्या म्हाताऱ्यांनीही, असा तिथला रिवाज. आणि हे बाबा म्हणजे आठ वर्षांपूर्वी पाथर्डीत विहिरीच्या मोटारींचं वायंडिंग करणारा छगन. मोटारी पुन्हा जळायच्या. माणसं मात्र बहुतेक आपोआप बरी होतात, हा धंद्यातला मोठाच फरक त्याच्या ध्यानात आला असावा.

गर्दीच्या कडेला दिपाली उभी होती. कडेवर चार वर्षांची सृष्टी, शेजारी नणंद रोहिणी. रोहिणी पहिलटकरीण, आठवा महिना लागलेला. पाडव्यानंतर बाळंतपणासाठी माहेरी आली होती. दिपाली रोज सकाळी उन्हात उभं करून दोघींच्या डोळ्यांचं पांढरं तपासायची. गाव हसायचं. शिवरात्रीला मठाच्या सप्ताहातसुद्धा तिनं लेकीच्या गळ्यात उकळलेल्या पाण्याची बाटली अडकवली होती, आणि स्वतःच्या ओंजळीतलं तीर्थ ओठाला न लावता डोक्यावरून फिरवलं होतं. तेव्हापासून तिचं नाव 'डॉक्टरीणबाई' पडलं होतं.

"ऐका!" बाबांनी हात वर केला. "तीर्थाचं कुंड वर्षातनं एकदाच उघडतंय, शिवरात्रीच्या सप्त्याला. पर गावावर संकट हाय. येत्या गुरवारी कुंड पुन्ना उघडनार! सप्त्यात जे न्हवते, डोंगरवस्तीवाले आसू द्या, पावने आसू द्या, सगळ्यांनी यायचं. गरवार बायांची रांग पयली!"

सासूबाईंनी, केशरबाईंनी, लेकीचा हात घट्ट धरला. "आपली रोहिनी पयल्या रांगंत," त्या म्हणाल्या. डोळे पाण्यानं भरले होते.

दिपालीनं रोहिणीचा दुसरा हात पकडला आणि सगळ्यांना घराकडे वळवलं.

घरी आल्यावर तिनं विषय काढला. "आई, गावठाणातल्या एकाची रक्ततपासणी नगरला झाली. ही कावीळ मैला मिसळलेल्या पाण्यातून येते म्हणाले. एरवी ती आपोआप बरी होते. पण दिवस भरत आलेल्या बाईच्या ती जिवावर बेतते."

"म्हनूनच तर तीर्थ द्यायचं!"

"पण ते तीर्थ म्हणजेसुद्धा पाणीच ना?"

केशरबाईंनी परातीतलं पीठ जोरात मळलं. "तुझ्या तोंडाला काय धरबंद? माझी पोरगी हाय ती. तुज्यापरीस मला जास्त काळजी."

हे मात्र खरं होतं, म्हणून दिपालीनं विषय नवऱ्यापुढं काढला. हनुमंत जीप चालवायचा. तो म्हणाला, "गुरवारी माझ्याच तीन फेऱ्या हायेत मठाच्या. आता मी काय बोलू?" त्याच दिवशी केशरबाईंनी सृष्टीसाठीही माळ आणली होती, झाली नाही तरी होऊ नये म्हणून. दिपालीनं वाद घातला नाही. माळ घेतली आणि पिठाच्या पत्र्याच्या डब्याला वरच्या कडेशी घट्ट बसवून ठेवली.

लग्नाआधी दिपाली नगरच्या कॉलेजात संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली होती. त्या पदवीचा आजवरचा उपयोग म्हणजे बचत गटाच्या बायका तिच्याकडून बेरीज तपासून घ्यायच्या. पण आता तिला काही सुचत होतं तर तेवढंच. ती गावच्या आशा कार्यकर्तीकडे, पंकजाकडे गेली. पंकजाकडे घरटी माणसांची नोंद होती.

"मला यादी दे. कोणाला झाली, कोणाला नाही. सगळी."

"न झालेल्यांची कशाला?"

"त्यांच्याशिवाय काहीच कळत नाही, बाई."

दोन दिवस दोघी दारोदार फिरल्या. एका दारात चहा मिळाला, दुसऱ्या दारात "तुमाला कामधंदे न्हाईत का" हे ऐकायला मिळालं. तिसऱ्या दिवशी दिपालीनं सृष्टीच्या पाटीवर तक्ता आखला. तीन ओळी, दोन रकाने. गावठाणात चारशे बारा माणसं, त्यांत अठ्ठावन्न पिवळी. मळ्यात एकशे शहाण्णव, सत्तावीस. डोंगरवस्तीत एकशे बावन्न, पाच. एकूण सातशे साठ, आजारी नव्वद.

"आगं, पाच?" पंकजा म्हणाली. "बाबा तर म्हनतो एकबी न्हाई."

"म्हातारी माणसं आहेत पाचही. त्यांना कोण मोजतंय?"

कॉलेजातले सर एक गोष्ट डोक्यात बसेस्तोवर सांगायचे. सगळा तक्ता वाकडा आहे एवढं सांगून थांबू नका, कुठलं घर, म्हणजे तक्त्यातला कुठला चौकोन, वाकडं आहे ते दाखवा. त्यासाठी वस्तीची बेरीज गुणिले आजाऱ्यांची बेरीज, भागिले एकूण. वस्तीचा आणि काविळीचा काही संबंध नसता तर त्या घरात किती माणसं दिसली असती, तो हा आकडा. डोंगरवस्तीसाठी तो आला अठरा. प्रत्यक्षात होती पाच. नुसत्या योगायोगानंही थोडा फरक पडतोच, हा फरक त्याच्या किती पट आहे ते आता मोजायचं. ते माप दोनच्या पुढे गेलं तरी कान टवकारावेत, आणि इथं ते साडेतीनच्या पुढे गेलं होतं.

गणित बाबांच्या बाजूनं बोलत होतं. डोंगरवस्ती खरोखरच वाचली होती आणि तो योगायोग नव्हता. दिपालीनं पाटी पुसली, पुन्हा मांडली. उत्तर तेच.

"म्हंजे धागा खरा?" पंकजानं हळूच विचारलं. तिच्याही मनगटात एक होता.

"थांब ना गं!" दिपाली खेकसली, मग तिचं तिलाच वाईट वाटलं. "घर वेगळं आहे एवढंच कळलं. का वेगळं आहे ते अजून कुठं कळलंय? त्या पाच जणांची नावं वाच."

पंकजानं वाचली. मनकर्णाबाई, तिचा दीर, आणखी तिघं. पाचही जण तोडीला न गेलेले.

दिपालीनं पाटीवर डोंगरवस्तीची ओळ मधोमध कापली. तोडीला गेलेले एकशे अठरा, आजारी शून्य. घरी राहिलेले चौतीस, आजारी पाच. चौतिसात पाच म्हणजे सातात जवळजवळ एक. गावठाणात? सातात एक. मळ्यात? सातात एक.

धागा सगळ्या डोंगरवस्तीच्या हातात होता. जे घरी राहिले त्यांना तो असूनही गावाइतकीच कावीळ झाली. म्हणजे वाचवलं ते धाग्यानं नव्हे, गावात नसण्यानं. आणि गावात राहिलेल्यांना बाधलं ते रोजचं पाणीही नव्हे. गावठाणात नळ, मळ्यात विहिरी, डोंगरवस्तीला बोअर. पाणी तीन ठिकाणचं आणि प्रमाण मात्र एकच. मग सगळ्यांनी मिळून एकदाच काहीतरी पोटात घेतलं असलं पाहिजे, पाडव्याच्या आधी, कावीळ दिसू लागण्याच्या महिना-दीड महिना अगोदर.

"सप्ता," पंकजा म्हणाली.

"सप्ता. पंगत तरी नाहीतर तीर्थ तरी."

पंगतीचा स्वयंपाक टँकरच्या पाण्यावर झाला होता, उकळून शिजवून. राहिलं तीर्थ. कुंडाला कुलूप होतं, पण त्याचा ओघळ मठामागच्या गुरांच्या हौदात थेंबथेंब पडतो. पंकजाकडे पाणी तपासायच्या छोट्या बाटल्या होत्या. पाण्यात मैल्यातले जंतू असले की बाटलीतलं पाणी एक-दोन दिवसांत काळं पडतं. दोघींनी ओघळाखाली एक बाटली भरली, एक नळाची, एक बोअरची. भरताना दिपालीची नजर वर गेली. कुंडाच्या वरच्या अंगाला, हाकेच्या अंतरावर, सप्त्याआधी भक्तांसाठी बांधलेली आठ संडासं होती. त्यांचा शोषखड्डा फुटक्या मुरमात खणलेला, आणि मुरमाची उतरण सरळ कुंडाकडे.

बुधवारी, बाटलीतल्या पाण्याचा रंग अजून पालटला नसतानाच, ती सरपंचांकडे गेली. सरपंच म्हणाले, "पाटीवरच्या आकड्यानं मी मठ बंद करू? उद्या मला गावात राहायचंय." दवाखान्यात गेली. डॉक्टर भले होते. त्यांनी पाण्याचा नमुना पुढं पाठवला आणि अहवालाला दहा दिवस लागतील म्हणाले. "पण गुरुवार उद्या आहे हो!" ती म्हणाली. डॉक्टरांनी चष्मा पुसला. "मी येतो संध्याकाळपर्यंत." तीर्थ सकाळी होतं. बोरदऱ्यात ज्यांनी ऐकून घेतलं त्या प्रत्येकाला ती बरोबर वाटत होती आणि प्रत्येकाला दुसऱ्या कोणीतरी बोलावंसं वाटत होतं.

गुरुवारी ती सृष्टीला अंगणवाडीत सोडून परतली तर घराला कुलूप. केशरबाई रोहिणीला घेऊन निघून गेल्या होत्या. दिपाली धावतच पंकजाकडे गेली, तिला बाटल्या घ्यायला लावल्या आणि दोघी मठाकडे पळाल्या.

कुंडाचं दार उघडलेलं. बाबांच्या हातात तांब्याचा गडू. गरोदर बायांच्या रांगेत रोहिणी दुसरी.

"थांबा!" दिपाली ओरडली. "हे पाणी पिऊ नका!"

"आली डॉक्टरीणबाई," कोणीतरी म्हणालं. हशा पिकला.

तिनं कागद काढला. "मी सगळी माणसं मोजलीत. डोंगरवस्तीत अपेक्षित संख्या अठरा होती, आणि..."

"कुनाची आपेक्षा हुती, तुजी?" मागून आवाज आला. पुन्हा हशा.

"म्हणजे वस्तीच्या बेरजेला आजाऱ्यांच्या बेरजेनं..."

"बाई, शाळा दुपारची हाय."

दिपालीला दोन दिवस जे इतकं लख्ख दिसत होतं ते तोंडातून बाहेर पडताना चिखल होत होतं. रांगेतली पहिली बाई बावरून बाजूला झाली आणि रोहिणी पुढे सरकली. तिनं कागदाची घडी केली आणि गर्दीत शोधलं. भिंतीला टेकून, गळ्यात छातीपर्यंत आलेली माळ, डोळे हळदीसारखे, मनकर्णाबाई बसल्या होत्या.

"आज्जी, तुम्ही कुठल्या?"

"मी व्हय? डोंगरवस्तीची की."

"धागा बांधला होता तुम्हाला?"

मनकर्णाबाईंनी सुकलेला हात वर केला. काळा धागा मनगटावर सैल लोंबत होता. "ह्यो काय. दिवाळीपासनं हाय. मला काय बाबानं येगळा धागा दिलाय का? मग मला कशी झाली?"

"तुजी श्रद्धा उनी पडली, म्हातारे," बाबा म्हणाले.

"उनी?" मनकर्णाबाई खवळल्या. "सात दिस सप्त्यात झाडलोट कुनी केली रं? दोन टाइम तीर्थ घेतलं म्या. माझी सून तिकडं फडात, तिनं देवाचं नावबी घेतलं न्हाई, ती टुनटुनीत हाय!"

गर्दी मनकर्णाबाईंचा धागा बघायला पुढं सरकली. दिपालीनं ती संधी घेतली. ह्या वेळी ती आकड्यांनी बोलली नाही, बोटांनी बोलली. सात बोटं वर केली, एक मिटलं.

"गावठाणात एखाद्याच्याच हातात धागा, सातात एकाला कावीळ. मळ्यात नाही, सातात एकाला. डोंगरवस्तीतल्या घरी राहिलेल्या माणसांना धागा आहे, तिथंही सातात एकाला. मग धाग्यानं काय केलं, सांगा."

"आन् आमाला का न्हाई झाली मग?" गोरक्षनाथ पुढं आला. पंचविशीचा तोडकरी, मनगटात धागा, आवाजात ताठा. "एकशे अठरा मानसं गेल्तो आमी. एकाचंबी डोकं दुखलं न्हाई."

"शिवरात्रीला कुठं होतात, भाऊ?"

"फडावर. कुठं आसनार?"

"म्हणजे गावानं सप्त्यात जे घेतलं आणि तुम्ही घेतलं नाही, असं काय?"

गोरक्षनाथनं मान वळवली. उत्तर त्याच्या पुढ्यातच होतं, बाबांच्या हातातल्या गडूत.

"तीर्थाला बट्टा लावती ही बाई!" बाबा उसळले. "माझ्या कुंडाचं पानी पाताळातनं येतं!"

पंकजानं बाटल्या उंच धरल्या. नळाची आणि बोअरची जशीच्या तशी. तिसरी डांबरासारखी काळी. "पाताळात जायच्या आधी ते संडासाखालून जातंय, बाबा," ती म्हणाली. आवाज बारीक होता पण सगळ्यांना ऐकू गेला. "ही तुमच्या ओघळाची. वर शोषखड्डा बघा कुठं खनलाय."

माना मागे वळल्या. आठ संडासं निळ्या रंगात उन्हात चमकत होती. मग कोणाचंतरी लक्ष बाबांच्या गादीमागे गेलं. तिथं थंड पाण्याचा विकतचा जार होता, वर उपडा पेला. छगनला विष द्यायचं नव्हतं. त्याला गार पाणी आवडायचं, एवढंच. आठ वर्षं त्यानं बरे झालेले मोजले, आजारी पडलेले मोजायचं त्याला कारणच नव्हतं.

ह्या गोंधळातच सवयीनं गडू कलला आणि रोहिणीच्या ओंजळीत पाणी पडलं.

"घे," केशरबाई पुटपुटल्या, पण त्यांचं लक्ष काळ्या बाटलीकडे होतं.

"आई, काल डब्याची माळ बघितलीत?" दिपालीनं हळूच विचारलं. "सृष्टीसाठी आणलेली. डब्याच्या कडेला बसवली होती, घसरून पार बुडाशी गेलीय. ओली मुळी वाळते, बारीक होते, गाठी ढिल्या पडतात. डब्याला कुठं कावीळ झाली होती?"

केशरबाईंनी रागानं पदर खोचला. सुनेवरचा राग होता की आणखी कशावरचा, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. रोहिणीनं आईकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं आणि ओंजळीची बोटं उघडली. पाणी धुळीत पडलं.

"मला न्हाई घ्यायचं," ती म्हणाली.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण रोहिणीच्या मागच्या बाईनं ओंजळ पुढे केली नाही म्हणून सगळ्यांनीच हात मागे घेतले असं झालं नाही. बाया घराकडे वळल्या, बरेच तोडकरीही वळले. पण गोरक्षनाथ म्हणाला, "बाबाचा मान हाय. आमचा धागा हाय." आणि तो रांगेत उभा राहिला. त्याच्यामागे आणखी काही जण. दिपाली हात जोडून सांगत होती, घसा बसेपर्यंत सांगत होती. संध्याकाळी डॉक्टर आले, कुंडाला पंचायतीचं कुलूप लागलं. बाबा कुठल्याशा दुसऱ्या तालुक्यात निघून गेले. पण सकाळ तोवर होऊन गेली होती.

जूनमध्ये पंकजा पुन्हा यादी घेऊन आली आणि दिपालीनं ती पाटीवर मांडली. तोडीहून आलेल्या एकशे अठरा जणांपैकी त्या दिवशी त्रेचाळीस जणांनी तीर्थ घेतलं होतं. त्यांतले सहा पिवळे पडले, गोरक्षनाथ त्यांत एक. न घेतलेले पंच्याहत्तर, आजारी शून्य. वस्ती तीच, बोअर तेच, धागा तोच. कॉलेजात असा स्वच्छ तक्ता मिळाला असता तर सरांनी फळ्यावर लावला असता.

"हा तक्ता मला भरायचाच नव्हता गं," दिपाली म्हणाली. "एकदा दाखवून झालं होतं ना? पुन्हा सहा माणसं कशाला हवी होती?"

आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. रोहिणीला मुलगी झाली होती, आठ दिवसांची. केशरबाई तिला घेऊन बाहेर आल्या, ओसरीवर उन्हाच्या कवडशात बसल्या आणि सुनेकडे न बघता म्हणाल्या, "डोळं बघ हिचं. मला मेलीला नीट दिसत न्हाई."

दिपालीनं वाकून बघितलं. पांढरेशुभ्र होते. पाटी तिनं भिंतीला टेकून ठेवली, पण पुसली नाही.

चमत्कार सांगणारा नेहमी एकच घर दाखवतो, उपाय केला आणि बरं वाटलं ते. त्याला बाकीची तीन विचारा. उपाय केला आणि बरं वाटलं नाही, असे किती? उपाय न करता बरे झाले ते किती? उपायही केला नाही आणि बरंही वाटलं नाही, असे किती? आणि जे मुळात वाचलेच, ते त्या वेळी कुठे होते? हे विचारायला पदवी लागत नाही, बोटं पुरतात. फक्त ओंजळ पुढे करायच्या आधी विचारायला हवं.